टाचणवहीतली दोन वर्षं

रोडगे करायचे ते पुरुषांनी, हा चंपतरावांच्या घरचा नेम. म्हणून त्या रविवारी कळमन्याच्या संत्र्याच्या बागेत बायकांना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. विहिरीजवळच्या मारुतीपुढे रोडग्यांचे कणकेचे गोळे भाजायला गोवऱ्यांचा जगरा धुमसत होता. थोरला शालिकराम आणि धाकटा रुपराव, चंपतरावांचे दोघे मुलगे, कोपरापर्यंत पिठात होते. चंपतराव बाजेवर पडून दोघांचंही काय चुकतंय ते सांगत होते. आणि इकडे झाडांखाली सतरंजीवर रुखमाबाई आणि त्यांच्या दोन सुना, हात रिकामे म्हणून थोड्या बावरल्यासारख्या बसल्या होत्या.

नवस शामलासाठी होता. थोरली सून बरी होऊन घरी आली तर मारुतीला सव्वा पायलीचे रोडगे, असं रुखमाबाईंनी बोलून ठेवलं होतं. तिला येऊन दीड वर्ष होत आलं होतं. फेडायला इतका उशीर का, हे कोणी विचारलं नाही. ती कशातून बरी झाली हेच घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं.

पौषातलं ऊन पानांतून गाळून येत होतं. धूर वर जायचा कंटाळा करून बुंध्यांमधून जमिनीलगत सरकत होता. तो जिथून जाई तिथली संत्री विझत, आणि सरला की पुन्हा पेटत. धाकटी सून प्रेमिला ते बघत होती. मांडीवर तिची छोटी झोपली होती. तिच्या टाळूचा वास आणि धुराचा वास एक झाला होता. लेकरू मांडीवर निजलं की आईचाही अर्धा जीव त्याच्यासोबत निजतो. तशी ती अर्धी इथे होती, आणि अर्धी जबलपूरला, पांढऱ्या खडकांमधल्या हिरव्या पाण्यावर, कॉलेजच्या मैत्रिणींसोबत एका डोलणाऱ्या नावेत.

"पोरगी केव्हाची निजली ना वं," रुखमाबाई म्हणाल्या. "काहून थापटून राहिली?"

"हाताला सवय झाली, आत्याबाई."

"फारम कुठी आहे?" शामलाने हळूच विचारलं.

प्रेमिलाने पिशवीकडे पाहिलं. छोटीच्या कोरड्या लंगोटांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तिने तो घरी का ठेवला नाही हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. उद्या सोमवार, पाच वाजेपर्यंत विद्यापीठाची खिडकी उघडी. मग वर्षभर बंद.

"सगळं जमलं का?"

"जबलपूरचं वर्ष धरून घेतो म्हणाले, ताई. तिथलं मायग्रेशन सर्टिफिकेट आलं पोस्टानं. हिंदीच्या त्या परीक्षा दिल्या होत्या ना, छोटी पोटात असताना? त्याच्यावर हिंदीचा पेपर माफ. आता दोन वर्षं शिकवल्याचा दाखला जोडला की कॉलेजात न जाता एकदम बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला बसता येतं."

"तेवढंच राहिलं."

"तेवढंच."

प्रेमिलाने शिकवलं होतंच, दोन वर्षं आणि वर एक महिना. चंपतराव अध्यक्ष आणि शालिकराम हेडमास्तर असलेल्या घरच्याच शाळेत, चौथीचा वर्ग. हे सक्करदऱ्यातल्या सगळ्या पोरांना माहीत होतं, त्यांच्या आयांना माहीत होतं, शाळेसमोर बोरं विकणाऱ्या रंभाबाईला माहीत होतं. फक्त कागदाला माहीत नव्हतं. कागदावर ती दोन वर्षं शामलाची होती. हजेरीपट शामलाचा, सही शामलाची, प्रेमिलाने गिरवून गिरवून बसवलेली. एकदा तपासणीला साहेब आले, तेव्हा ती डोक्यावर पदर घेऊन फळ्याशी उभी राहिली आणि नाव विचारल्यावर गप्प राहिली. 'बाई लाजाळू, परंतु पाठ चांगला,' असा शेरा शामलाच्या नावे पडला.

आणि शामला तेव्हा पारशिवनीला, माहेरच्या माडीवर, खाटेवर. छातीचा आजार. त्या आजाराचं नाव घरात कोणी उच्चारत नसे. भांडी वेगळी, खोली वेगळी, रोजची सुई.

ती युक्ती रुखमाबाईंची. त्या आता सतरंजीच्या दशा बोटांना गुंडाळत बसल्या होत्या. दोन सुना, एकसारखी उंची, एकसारखा पदर. नोकरी राहील, बोभाटा होणार नाही. मोहल्ल्यात काय सांगायचं? बाळंतपणाला माहेरी गेली, असं सांगितलं. तेव्हा ते इतकं सोपं वाटलं होतं. पण सुई लांबली, आणि नऊ महिन्यांनी कोणीतरी विचारलंच, काय झालं, मुलगा की मुलगी? रुखमाबाई पाण्याची घागर घेऊन उभ्या होत्या. 'नाही राहिलं,' त्या बोलून गेल्या. मग बाळंतीण खचली, उठत नाही, असं सांगून दुसरंही वर्ष निभावलं. शामला परत आली त्या आठवड्यात गल्लीतल्या बाया एकेक करून येऊन तिच्याजवळ रडून गेल्या.

"माय!" तिकडून रुपरावाने हाक दिली. "तूप कुठी ठेवलं गा?"

"मायले गा म्हणते, बाप्याले म्हणल्यासारखं! निळ्या डब्यात आहे!"

रुपराव तूप न्यायला आला तो तिथेच उकिडवा बसला. उमरेडच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात तो कारकून होता, आठवडाभर एस.टी.ची धूळ खाऊन रविवारी बायकोच्या वाट्याला यायचा. आज त्याच्या भुवयांनाही पीठ लागलं होतं.

"काढू का विषय?" त्याने बायकोला हळूच विचारलं.

"घरी तर म्हणत होते, मीच काढतो म्हणून."

"काढतो ना. बाबूजीचा मूड पाहून राहिलो."

"सहा वर्षं पाहून राहिले तुम्ही बाबूजींचा मूड," प्रेमिला म्हणाली, आणि शामलाला हसू फुटलं.

पण विषय काढला चंपतरावांनीच. बाजेवरून, डोळे मिटूनच, सगळ्या बागेला ऐकू जाईल असं.

"रुपराव, तुह्या बायकोचा तो फारम. मी नत्थूजीशी बोललो काल. उमरेडले त्याची शाळा आहे. दोन वर्ष शिकवलं असा दाखला देते म्हणे, शिक्क्यासकट. सकाळच्या पहिल्या बसनं जा, दुपारी घेऊन ये. झालं!"

रुपरावाचा चेहरा उजळला. "खरंच, बाबूजी?"

"मंग? घरच्या सुनेसाठी एवढं नाही करत का मी? उगाच आपल्या शाळेची भानगड काहून पाहिजे?"

रुखमाबाईंनी सुस्कारा सोडला. दशा बोटांवरून सुटल्या. "पहा बापा, किती सोपं होतं."

सगळ्यांनी प्रेमिलाकडे पाहिलं. तिने पदर पुढे ओढला. जगऱ्याशी शालिकराम होता, तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि भासऱ्यासमोर धाकट्या भावजयीने बोलायचं नाही. सहा वर्षं एका घरात, दोन वर्षं एका शाळेत, आणि एक शब्द नाही. त्याच्या हातातून वस्तू घ्यायची नाही. त्याने खाली ठेवायची, तिने मग उचलायची. ती बोलली ती शामलाकडे तोंड करून, पण बाजेपर्यंत पोचेल अशी.

"ताई, बाबूजींना म्हणा, मी उमरेडला एक दिवसही शिकवलं नाही."

"अवं, त्याले माहीत आहे ते," चंपतराव बाजेवरूनच म्हणाले.

"मग तो दाखला माझा कसा? मी शिकवलं तिथला मिळत नाही, शिकवलं नाही तिथला शिक्क्यासकट मिळतो."

"कागदाले कागद पाहिजे बाई, बाकी काय!"

"तिथे कोणी विचारलं, उमरेडच्या शाळेला खिडक्या किती, तर काय सांगू? आपल्या चौथीच्या वर्गाला तीन आहेत. मधल्या खिडकीची कडी लागत नाही, तिला दोरी बांधली मी." तिचा आवाज वाढला नाही; झोपलेल्या लेकरावर बोलताना आईचा आवाज वाढत नाहीच. "मला पास व्हायचं आहे. पण ती दोन वर्षं मला लागतात ताई, तीच. दुसरी नको."

"आता ही हट्ट करून राहिली," रुखमाबाई म्हणाल्या. "रुपराव, सांग ना तिले."

रुपरावाने तुपाचा डबा या हातातून त्या हातात घेतला. वडिलांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "मले," तो म्हणाला, "मले वाटते ती बरोबर बोलून राहिली, माय." आणि आपणच घाबरून जगऱ्याकडे निघून गेला.

छोटी झोपेत कुरकुरली. प्रेमिलाने कोरडा लंगोट काढायला पिशवीत हात घातला, आणि वर्तमानपत्राच्या पुडक्यासोबत एक निळी वही बाहेर घसरली. कोपरे दुमडलेली, खडूचे पांढरे ठसे असलेली. मुखपृष्ठावर लिहिलं होतं: पाठ टाचण, इयत्ता चौथी, सौ. शामला शालिकराम.

शामलाने ती उचलली. उद्या कोणता पाठ कसा घेणार ते मास्तरणीने आदल्या दिवशी लिहायचं आणि हेडमास्तरने बघून सही करायची, ती ही वही. असल्या वह्या तिनेही भरल्या होत्या, आधी आणि नंतर. आपल्या नावाची, आपण न लिहिलेली वही मात्र ती आज पहिल्यांदा उघडत होती.

सुरुवातीच्या पानांवर तिच्या नवऱ्याची फक्त सही होती. तांबडी, घाईची. मग एके ठिकाणी, 'नकाशा मोठा काढावा.' त्याखाली पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात, 'फळा लहान आहे.' चार पानांनंतर, 'नवा फळा आला आहे. सोमवारी लावून घ्यावा.' मग पेन्सिल: 'खडू ओले येतात.' तांबडं: 'उद्यापासून चुलीशेजारी ठेवू.'

शामला वाचत गेली. धूर आला, अक्षरं पुसट झाली, धूर गेला, अक्षरं परत आली. कोणीतरी दुसऱ्याच्या घरातलं बोलणं दाराआडून ऐकावं तसं तिला वाटत होतं, आणि त्या दाराला पाटी तिच्याच नावाची होती. जिल्ह्यातल्या नद्यांचा पाठ आला. प्रेमिलाने लिहिलं होतं: 'वर्गातील मुलीची वेणी घालून दाखवणे. पेंच कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. पेड सुटा असतो तेव्हा त्याला नाव असते, वेणीत गेल्यावर वेणी म्हणतात.' बाजूला तांबड्यात: 'फार सुंदर. मला सुचले नसते.'

बारा वर्षांच्या संसारात शालिकरामने तिला 'फार सुंदर' म्हटलं नव्हतं. तिच्या टाचणाला नाही, तिलाही नाही. क्षणभर छातीत जुनं काहीतरी दुखलं. मग तिला आठवलं, आपण परत रुजू झालो त्या पहिल्या सोमवारी वर्गातली एक मुलगी तिच्याकडे पाठ करून, वेणी सोडून, वाट बघत उभी राहिली होती. ही काय करते आहे ते शामलाला कळलंच नव्हतं. 'जागेवर बस,' ती म्हणाली होती.

तिने वही मिटली.

"आत्याबाई," ती म्हणाली. "मी त्या दोन वर्षांत कुठी होती?"

रुखमाबाई दचकल्या. "हे काय विचारनं झालं?"

"सांगा ना. कागदावर मी भूगोल शिकवून राहिली होती. मोहल्ल्यात मी बाळंतीण होती. मी खरी कुठी होती?"

"हळू बोल वं, तिकडे ऐकू जाईन..."

"जाऊ द्या. मी खाटेवर होती. खिडकीतून एक कडुनिंब दिसे, त्याची पानं दोनदा गळली अन् दोनदा आली. दुसऱ्यांदा आली तवा मी एकटी उठून खिडकीपर्यंत गेली, भिंत धरून. सोळा पावलं. कोणाले सांगू मी ते? मोजलेलीच नाहीत ती वर्षं कोणी." तिचा आवाज सरळ होता. "बाया आल्या, त्या नसलेल्या लेकरासाठी रडल्या. मीही रडली. कोणासाठी रडली मी, आत्याबाई? माह्यासाठी तर कोणी रडलंच नाही."

तिकडे जगऱ्याशी हालचाल थांबली होती. रोडग्यांवरची राख झटकायचं फडकं शालिकरामच्या हातात तसंच राहिलं.

"हिले हिची वर्षं द्या," शामला म्हणाली, "म्हणजे माही मले भेटतीन."

चंपतराव आता उठून बसले होते. "थोरल्या सूनबाई, समजून राहिल्या का तुम्ही? सर्विसमधून दोन वर्ष जातीन तुमची. सिनिऑरिटी जाईन. अन् याले," त्यांनी शालिकरामकडे हात केला, "याले खुलासा मागतीन वरून. हेडमास्तरकी राहीन का जाईन, भरोसा नाही."

"ते ह्याहीले विचारा," शामला म्हणाली.

सगळे शालिकरामकडे वळले. तो उंच, वाकलेला, अबोल माणूस. शाळेत आवाज न चढवता वर्ग गप्प करणारा आणि घरात विचारल्याशिवाय न बोलणारा. त्याला त्या घटकेला खुलासा आठवत नव्हता, वरचे साहेब आठवत नव्हते. त्याला त्या दोन वर्षांतल्या दुपारी आठवत होत्या. शाळा सुटलेली, रिकामं ऑफिस, आणि टेबलावर शिपायाने आणून ठेवलेली निळी वही. ती उघडण्याआधी तो हात धुवायचा. आज ही काय लिहिते, याची त्याला दिवसभर वाट असे. कोणाला सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती, आणि तिच्यात लपवण्याजोगंही काही नव्हतं. वीस वर्षं मास्तरकी करून त्याला पहिल्यांदा दुसरा मास्तर भेटला होता, एवढंच. ज्याच्याशी बोलायचं नाही असा.

"वह्यांवर सही माही आहे, बाबूजी," तो म्हणाला. "रोजची. न वाचता एकही नाही केली. कोणाचं अक्षर आहे ते माहीत होतं मले."

"म्हणून?"

"म्हणून मीच लिहितो. धाकटीनं शिकवलं, अन् थोरली आजारी होती. आजाराचं नाव लिहितो. खुलासा मागतीन तर देईन."

"अन् संस्थेचा शिक्का? तो तं माह्यापाशी आहे."

झाडावरून एक संत्रं आपोआप सुटलं आणि मऊ मातीत पडलं. रुखमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला, त्यातून शिक्का ठेवलेल्या कपाटाची किल्ली ओढून काढली, नखाने, जोर लावून, आणि शामलाच्या ओटीत टाकली.

"आता त्या बायाहीले काय सांगू मी, ते तूच सांगजो मले," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते; धुराने म्हणावं तर धूर दुसरीकडे वळला होता. "लेकरू नव्हतं म्हणून सांगू?"

"मी सांगीन, आत्याबाई. सोबत जाऊ."

चंपतरावांनी बाजेवर कूस बदलली आणि सगळ्यांकडे पाठ केली. "मी काही पाहिलं नाही," ते विहिरीला म्हणाले. "अन् रोडगे जळून राहिले तिकडे, कोणी पाहाल का?"

रुपराव धावला.

मारुतीला नैवेद्य दाखवून झाला. रोडगे फुटले, त्यांच्या वाफेत तूप विरघळलं, वांग्याच्या भाजीचा तिखट वास बागेभर पसरला. पुरुषांची पंगत झाली. छोटी जागी होऊन मातीत बसली आणि पडलेल्या संत्र्याला आपल्याच भाषेत काही समजावत राहिली. ऊन कलत होतं, आणि प्रेमिलाला सगळं अजून पाण्याखालून दिसल्यासारखं वाटत होतं. सासू आणि जाऊ एकाच ताटाशी, हातावर हात. रुपराव भुवया पुसतो आहे. उद्या खिडकीवरचा माणूस कागद घेईल की परत करेल, कोणास ठाऊक. घेतला तरी पेपर पुढे होतेच.

तेवढ्यात शालिकराम झाडांमधून आला. निळी वही त्याच्या हातात होती. शामलाने नेऊन दिली असणार. प्रेमिलाने पदर ओढला आणि घाईने उठून उभी राहिली. तो दोन हातांवर थांबला. वहीचं शेवटचं लिहिलेलं पान उघडं होतं, आणि तिला तिचं अक्षर ओळखू आलं. तो शनिवार. लिहून ठेवलं, आणि रविवारी शामला परत आली. 'सोमवार. वैनगंगा पुढे कुठे जाते?' त्या पानावर सही नव्हती.

आता होती. तांबडी नव्हती, मारुतीला आणलेल्या अष्टगंधात काडी बुडवून केलेली. त्याने वही मिटली, आणि मुखपृष्ठावर, जुन्या नावाखाली, त्याच काडीने, मोठ्या अक्षरात: सौ. प्रेमिला रुपराव.

"बाई," शालिकराम म्हणाला.

तिने इकडे-तिकडे पाहिलं, पण तो तिच्याशीच बोलत होता. शाळेत मास्तर बरोबरीच्या मास्तरणीला म्हणतात तसं तो तिला म्हणाला होता.

"हा पाठ राहिला होता, बाई."

त्याने वही पुढे केली. प्रेमिला वाट बघत राहिली, तो ती खाली ठेवेल आणि दोन पावलं मागे सरेल, मग आपण वाकू. सतरंजी तिथेच होती, त्याच्या पायाशी. त्याने खाली ठेवली नाही. हात तसाच पुढे, बोटांना अष्टगंध.

मागे सतरंजीवर रुखमाबाईंचा घास हातात थांबला.

प्रेमिलाने पदराखालून हात बाहेर काढला आणि वही त्याच्या हातातून घेतली.